सकाळची वेळ, डोळ्यांवर गॉगल आणि चार आठवडे : मुलींच्या लॅक्रॉस शिबिराबद्दल खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
क्रीडासंकुल व्यवस्थापन समिती, पुणे

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आपल्या संकुलात भरणाऱ्या मुलींच्या लॅक्रॉस शिबिराचं मंजुरीपत्र हातात पडलं. चाळीस मुलींसाठी अर्धं मैदान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण पत्रातल्या अटी वाचल्यावर गप्प राहणं आम्हाला जमणार नाही. वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक. मुदत दहा दिवस. खरेदीत 'लॅक्रॉस स्टिक २० नग, बॉल ४० नग' एवढंच. गॉगल, माउथगार्ड आणि गोलकीपरचा संच 'अनावश्यक बाब' म्हणून काढून टाकलेला. आणि शेवटी एक ओळ: प्रशिक्षक कमी पडल्यास हॉकीचे प्रशिक्षक सांभाळून घेतील.

आम्ही या शिबिराचे प्रशिक्षक आणि नाव नोंदवलेल्या मुलींचे पालक आहोत. मुलगी मैदानात उतरली की तिच्या डोळ्यांची, दातांची, गुडघ्यांची जबाबदारी आमच्यावर येते, आणि या अटींवर ती घेता येत नाही. पत्र उघडपणे लिहितोय, कारण मुलींच्या शिबिराला सगळ्यांचं भागल्यावर उरलेली वेळ आणि उरलेलं साहित्य द्यायचं ही रीत आपल्या एकट्या संकुलाची नाही. पुण्यातल्या इतर पालकांनीही आपापल्या मैदानावर हेच प्रश्न विचारावेत, असं आम्हाला वाटतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅक्रॉसच्या स्टिकच्या टोकाला जाळीची छोटी झोळी असते, तिला पॉकेट म्हणतात. बॉल त्या झोळीत झेलायचा, पळताना झुलवत सांभाळायचा, फेकायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलमध्ये मारायचा. खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांचा. मुलींच्या शाळेत तो रुजला १८९० मध्ये, स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत. पुढे महिलांच्या खेळाचे नियम पुरुषांपेक्षा वेगळे घडले: अंगावर धडक मारायची नाही, समोरच्या खेळाडूच्या डोक्याजवळ स्टिक न्यायची नाही, आणि त्यामुळे गोलकीपर सोडली तर हेल्मेटही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. क्रिकेट २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आलं म्हणून आपण सगळ्यांनी आनंद केला, त्याच ठरावात लॅक्रॉसही होतं. तिथे सहा-सहा खेळाडूंचा 'सिक्सेस' प्रकार खेळला जाईल: ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ मिनिटांचे चार डाव, तीस सेकंदांत शॉट घ्यायची सक्ती. नवा खेळ पुण्याला परका वाटू नये. बॅडमिंटनला एकेकाळी 'पूना' म्हणूनच ओळखत होते आणि खो-खोचे नियमही याच शहरात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले.

आता मंजुरीपत्राकडे येतो. सुरुवात वेळेपासून, कारण बाकी सगळं सुधारलं आणि वेळ तीच राहिली तर आम्ही मुलींना मैदानात उतरवणार नाही.

पुण्यातला मे सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. सहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेआठपर्यंत हवा सोसते. अकरानंतर ऊन अंगावर येतं. दुपारचा पारा सदतीस-अडतीस हे रोजचंच, काही दिवस चाळिशी गाठतो. आपल्याकडची हवा कोरडी. घाम आला की लगेच उडून जातो, कपडे ओले दिसत नाहीत, त्यामुळे मुलीला आणि बघणाऱ्यालाही वाटतं की फारसा घाम आलाच नाही. इथेच फसगत होते. पाणी कमी पडल्याचं पहिलं लक्षण म्हणून मुलगी बॉल सोडायला लागते, हाका मारलेल्या ऐकत नाही, मग डोकं दुखतं, मळमळतं. बेजबाबदार किंवा आळशी म्हणून तिला ओरडण्याआधी सावलीत बसवायचं असतं.

त्यात आपण दिलेलं मैदान कृत्रिम गवताचं आहे. भर उन्हात त्या प्लास्टिकच्या पात्यांचा आणि त्यांत भरलेल्या काळ्या रबरी दाण्यांचा थर साठ अंशांच्या पुढे तापतो. नवशिक्यांच्या शिबिरात निम्मा वेळ 'ग्राउंड बॉल'वर जातो, म्हणजे जमिनीवरचा बॉल स्टिकने उचलण्यावर. तो उचलताना गुडघे वाकवून खालचा हात जमिनीपासून जेमतेम वीतभर अंतरावर आणावा लागतो. हात वर राहिला तर स्टिकचं टोक बॉलला ढकलतं, बॉल पुढे पळतो आणि मुलगी त्याच्यामागे. हा सराव एका दिवशी शंभर-दीडशे वेळा होतो. साठ अंश तापलेल्या गवतावर मुलींना इतक्या वेळा वाकवणं आम्हाला मान्य नाही. शिवाय मेच्या शेवटी वळवाचे ढग येतात ते दुपारनंतरच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत तर मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही, हा साधा नियम आहे. सकाळच्या शिबिरात तो पाळायची वेळ क्वचित येते.

आपल्या कार्यालयातून उत्तर मिळालं की सकाळी सहा ते नऊ क्रिकेटचं शिबिर असतं आणि मुली इतक्या लवकर येत नाहीत. दुसरा मुद्दा आधी घेऊ. नोंदणी करताना आम्ही प्रत्येक घरी विचारलं आहे. सव्वासहाला मुली येतील. पहिल्या मुद्द्यावर आमचं म्हणणं असं की क्रिकेटला संपूर्ण मैदान रोज लागत नाही. जाळीतल्या सरावाचे दिवस आणि सामन्याचे दिवस वेगळे करता येतात. आम्हाला ६० बाय ३५ मीटरची जागा पुरते, ती फुटबॉल मैदानाच्या एका अर्ध्यात आडवी बसते आणि बाजूला स्कूपच्या, म्हणजे जमिनीवरचा बॉल उचलण्याच्या, सरावासाठी पट्टाही उरतो. कृत्रिम गवताऐवजी मागचं मुरमाचं मैदान दिलंत तरी चालेल. फक्त आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवावा, नाहीतर रबरी बॉल खड्यावर लागून कुठेही उसळतो.

सकाळीसुद्धा पाणी लागतंच. अडीच तासांच्या सत्रात प्रत्येकी दोन लिटर धरलं तर चाळीस मुलींना ऐंशी लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार जार, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबा. एका जारमध्ये मीठ-साखरेचं पाणी: एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. मीठ अंदाजाने टाकू नये. उन्हाचा त्रास वाढून मुलगी गोंधळली, अडखळत बोलू लागली, तर तिला आधी गार करायचं आणि मग दवाखान्यात हलवायचं. गाडी शोधण्यात वेळ घालवायचा नाही. त्यासाठी मैदानाच्या कडेला एक मोठं टब, दहा किलो बर्फ आणि जुने टॉवेल रोज तयार असावेत. बर्फ वापरला गेला नाही तर चांगलंच.

यानंतर साहित्य. 'अनावश्यक बाब' हे शब्द ज्या यादीपुढे लिहिले आहेत, ती यादीच शिबिराचा पाया आहे.

लॅक्रॉसचा बॉल भरीव रबराचा असतो, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. फरक साधारण पंधरा ग्रॅमचा. क्रिकेटमध्ये हा बॉल खेळायला आपण फलंदाजाला पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट चढवतो. इथे मुलीच्या चेहऱ्यावर एकच वस्तू असते, ती म्हणजे तारेचा गॉगल. तोही आपण यादीतून काढला. अमेरिकेत मुलींच्या लॅक्रॉसला २००५ पासून डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं आहे, आणि त्यानंतर तिथे डोळ्यांच्या दुखापती लक्षणीय घटल्या. गॉगल घेताना त्यावर 'एएसटीएम एफ ३०७७' हे मानक छापलेलं पाहावं. उन्हाचा साधा चष्मा किंवा प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा चष्मा चालत नाही. बॉल लागला तर फ्रेम मोडून तीच डोळ्यात जाते. नंबरचा चष्मा असलेल्या मुलींसाठी चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो, तसे सहा तरी हवेत. आणि गॉगल दोघींत एक असा वाटून वापरू नये. घामाने भिजलेला फोम एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर गेला की डोळे येण्याची साथ दोन दिवसांत सगळ्या शिबिरात पसरते.

माउथगार्ड गरम पाण्यात बुडवून, मऊ झाल्यावर दातांवर चावून बसवायचा असतो. ते पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतकंच करायचं. जास्त वेळ ठेवला की त्याचा आकारच जातो. मुली तो चघळतात आणि आठवड्यात भोक पाडतात, म्हणून चाळीसला पन्नास घ्यावेत. दातांना तारा लावलेल्या मुलींना वेगळा लागतो, त्यांच्या पालकांशी आम्ही बोलू.

गोलकीपरबद्दल आपण सुचवलंत की क्रिकेटचं हेल्मेट आणि यष्टिरक्षकाचे पॅड वापरून भागवावं. भावना चांगली आहे, पण हे करू नका. क्रिकेटचा बॉल सात सेंटिमीटरहून थोडा जास्त व्यासाचा, लॅक्रॉसचा सव्वासहा ते साडेसहाच्या आत. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी मोठ्या बॉलसाठी बेतलेली असते, आणि त्या हेल्मेटला गळ्याची ढाल नसते. छातीचा प्रश्न याहून गंभीर आहे. छातीवर नेमक्या जागी, हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या क्षणी असा बॉल बसला तर धडधाकट मुलीचंही हृदय बंद पडू शकतं. म्हणून गोलकीपरसाठी छातीचं लॅक्रॉसचंच कवच, गळ्याची ढाल, जाळीचं हेल्मेट, हातमोजे, मांडी आणि नडगीचं पॅडिंग, असे दोन संच लागतात. ते येईपर्यंत आम्ही गोलमध्ये कोणालाच उभं करणार नाही. चार कोपऱ्यांना भोकं पाडलेली ताडपत्री गोलला बांधून शॉटचा सराव घेऊ. संकुलात एईडी, म्हणजे हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र, असावं आणि ते कुलपाच्या कपाटात नसावं, ही मागणी फक्त आमच्या शिबिरापुरती नाही. त्याच मैदानावर क्रिकेट आणि फुटबॉल खेळणारी मुलंही आहेत.

स्टिकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'लॅक्रॉस स्टिक' एवढंच मागवलं तर विक्रेता पुरुषांची पाठवू शकतो आणि पावती बरोबर असते. पुरुषांच्या स्टिकचं पॉकेट खोल असतं. ओळखायची रीत अशी: स्टिक डोळ्यांच्या पातळीला आडवी धरा, पॉकेटमध्ये बॉल सोडा आणि बाजूने बघा. महिलांच्या स्टिकमध्ये बॉलचा वरचा भाग प्लास्टिकच्या कडेच्या वर दिसतो. बॉल पूर्ण बुडाला तर ती स्टिक परत करावी. खोल पॉकेट नवशिक्या मुलीला सोपं वाटतं, कारण बॉल पडत नाही. पण त्यामुळे झुलवायची लय हातात बसत नाही आणि फेकताना बॉल उशिरा सुटून समोरच्या मुलीच्या पायाशी आपटतो. लांबी नियमाप्रमाणे ९० ते ११० सेंटिमीटर. दहा-बारा वर्षांच्या मुलींना ९० च्या जवळपासची बरी.

नवी स्टिक पेटीतून काढल्या काढल्या खेळायच्या कामाची नसते. दोर ताठ असतात, बॉल त्यावरून टप्पा पडल्यासारखा उडतो आणि मुलीला वाटतं आपल्यालाच झेलता येत नाही. खालचे दोर थोडे सैल करून, बॉल पॉकेटात दाबून, बांधून रात्रभर ठेवायचा. असं तीन-चार रात्री केलं की झोळी बसते. म्हणून साहित्य उद्घाटनाच्या दिवशी न येता आठ दिवस आधी यायला हवं. आणि ते पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मेमध्ये ती खोली भट्टी होते, स्टिकच्या टोकाची प्लास्टिकची चौकट, म्हणजे हेड, मऊ पडतं, आणि त्यावर क्रिकेटच्या किटबॅगा रचल्या तर ते पसरतं. पसरलेलं हेड पुन्हा सरळ होत नाही. स्लॅबच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेल्या स्टिक चार-पाच उन्हाळे टिकतात, हा खर्च वाचवण्याचा आमच्या माहितीतला सर्वांत सोपा मार्ग.

वीस स्टिक चाळीस मुलींत पुरणार नाहीत. दहा मिनिटांत भिंतीवर बॉल मारून झेलणारी मुलगी शंभरेक झेल घेते. दोघींत एक स्टिक म्हटलं की पन्नास, आणि उरलेला वेळ उभं राहणं. चव्वेचाळीस स्टिक घ्याव्यात, चार दुरुस्तीसाठी राखीव. बॉल एकशे वीस. रोज दोन-तीन झाडीत किंवा गटारात जातातच. स्वस्तात जुने बॉल मिळाले तर आधी तपासावेत: १८० सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडलेला बॉल साधारण ११० ते १३० सेंटिमीटर उसळला पाहिजे. चकचकीत, गुळगुळीत झालेला बॉल पॉकेटातून निसटतो. तो एकतर घासून खरखरीत करावा नाहीतर बाजूला काढावा. पहिल्या तीन दिवसांसाठी आम्ही टेनिसचे जुने बॉल आणू, त्याचा खर्च समितीवर नको.

गोलच्या मागे जाळी हवी. आपल्या मैदानाला लागून चालण्याचा ट्रॅक आहे, सकाळी तिथे ज्येष्ठ नागरिक फिरतात. नवशिक्या मुलीचे दहातले सहा-सात शॉट गोलबाहेर जातात, आणि बाहेर गेलेला बॉल ट्रॅकवरच जाणार. प्रत्येक गोलमागे चार मीटर उंच, पंधरा मीटर रुंद जाळी बांधली की प्रश्न मिटतो. संकुलात पडून असलेली क्रिकेट सरावाची जुनी जाळी चालेल, फक्त भोकं पाच सेंटिमीटरच्या आत असावीत.

मुदतीचा मुद्दा. दहा दिवस का पुरत नाहीत, ते दिवसांच्या हिशेबाने बघा. पहिले तीन दिवस झुलवणं आणि स्कूप. चौथ्या ते सहाव्या दिवशी पाच ते आठ मीटरवरून फेकणं आणि झेलणं, दोन्ही हातांनी. झेलण्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो. झाडावर चढलेल्याने खाली टाकलेली कैरी आपण ओच्यात झेलतो तेव्हा ओचा थोडा खाली सोडतो. कापड ताणून धरलं तर कैरी उडून पडते. स्टिकचंही अगदी तसंच. बॉल पॉकेटला टेकताना स्टिक कानामागे मऊ घ्यायची. सांगायला एक वाक्य, हातात बसायला आठवडा. सातव्या ते दहाव्या दिवशी तेच पळता पळता. त्यानंतर कुठे एकीविरुद्ध एक, तिघींविरुद्ध तिघी, आणि चौथ्या आठवड्यात सिक्सेसचे खरे डाव. दहाव्या दिवशी शिबिर आटोपलं तर पोहण्याच्या तलावात काठ सोडायची वेळ आली आणि पाणीच काढून घेतलं, असं होईल. शरीराला उन्हाची सवय व्हायलाही आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. पहिले चार दिवस सत्र दीड तासाचंच ठेवायला हवं. आठवड्यात सहा दिवस, चार आठवडे, चोवीस सत्रं, ही आमची मागणी त्या हिशेबावर उभी आहे.

रोजची पहिली वीस मिनिटं बॉलशिवाय जातील. किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएलची, म्हणजे सांध्यातली हाडं जोडून ठेवणाऱ्या अस्थिबंधाची, दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, विशेषतः उडी मारून उतरताना आणि पळता पळता दिशा बदलताना गुडघा आत वळला की. एका पायावर तोल, उडीनंतर गुडघे वाकवून मऊ उतरणं, बाजूला सरकणं, हे रोज घोटून घ्यावं लागतं. वेळ वाचवायला हा भाग कापू, असं कुणी सुचवू नये.

हॉकीच्या प्रशिक्षकांबद्दल आम्हाला आदर आहे, पण त्यांच्यावर हा भार टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. हॉकीत बॉल जमिनीवर, नजर खाली, स्टिक वर गेली तर धोका. लॅक्रॉसमध्ये स्टिक कानाजवळ आणि नजर वर. महिलांच्या लॅक्रॉसमध्ये 'शूटिंग स्पेस' नावाचा एक नियम आहे: जी बचावपटू कुणाही प्रतिस्पर्धी खेळाडूला जवळ राहून राखत नाही, तिने शॉट मारणारी आणि गोल यांच्या मधल्या वाटेत उभं राहायचं नाही. हेल्मेट नसलेल्या खेळात हाच नियम डोकी वाचवतो, आणि तो ओळखायला सवयीची नजर लागते. दहा मुलींमागे एक जाणकार प्रशिक्षक, म्हणजे चार, त्यांत किमान दोन महिला. आणि शिबिरात स्टिकवर स्टिक मारणं पूर्ण बंद, कितीही आग्रह झाला तरी.

स्वच्छतागृहाबद्दल एका परिच्छेदात लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. महिलांचं स्वच्छतागृह सकाळी कुलूपबंद असतं आणि किल्ली नऊला येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असते. परिणाम असा होतो की मुली पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे किती घातक, ते वर लिहिलंच आहे. सहाला उघडं असलेलं, पाणी आणि कडी असलेलं स्वच्छतागृह, झाकणाची कचरापेटी, पॅडचं पाकीट आणि कपडे बदलायला एक खोली. पाळी आलेल्या मुलीला घरी पाठवायचं नाही आणि जबरदस्तीने पळवायचंही नाही, तिला विचारायचं.

खाण्याचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे शिबिरातल्या अनेक मुली कमी रक्तावर पळणार आहेत. सत्र संपल्यावर भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि एक केळं, एवढं तरी प्रत्येकीला मिळावं. हे पालक मिळून करू शकतात, फक्त ठेवायला आणि वाटायला संकुलात जागा द्या.

प्रवेशाचा अर्ज फक्त इंग्रजीत, फक्त ऑनलाइन, आणि फी एकरकमी. यामुळे महापालिकेच्या शाळेतल्या मुली आपोआप बाहेर राहतात. आम्ही दहा जागा त्यांच्यासाठी मागतो, विनाशुल्क, मराठी अर्जासह, शाळेतल्या बाईंमार्फत. यात उपकाराचा भाग नाही, खेळाचा फायदा आहे: खो-खो आणि लंगडी खेळलेल्या मुली आधीच खाली वाकून पळतात, एका पावलात दिशा बदलतात. ग्राउंड बॉलला त्याच सर्वांत आधी पोचतात.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

सत्राची वेळ सकाळी सव्वासहा ते पावणेनऊ करावी. पहिले चार दिवस पावणेआठला संपेल. याला पर्याय नाही.
मुदत चार आठवडे, चोवीस सत्रं.
महिलांच्या ४४ स्टिक, ५० गॉगल, ५० माउथगार्ड, १२० बॉल, गोलकीपरचे २ संच, जाळीसह २ गोल. शिबिराच्या आठ दिवस आधी. सगळं एकदम परवडत नसेल तर बॉल आणि गोल कमी करा. गॉगल आणि माउथगार्ड कमी करू नका. त्यातूनही भागत नसेल तर मुलींची संख्या तीसवर आणू, पण गॉगलशिवाय एकही मुलगी खेळणार नाही.
दोन्ही गोलमागे संरक्षक जाळी.
चार जाणकार प्रशिक्षक, दोन महिला, प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती रोज हजर, टब आणि बर्फ तयार, एईडी हाताशी.
स्वच्छतागृह सहाला उघडं. स्लॅबच्या खोलीत साहित्य.
संकुलाच्या मागची खिडक्या नसलेली भिंत रोज एक तास सरावाला. तिला रंग पुन्हा लावायचा खर्च आमचा.
महापालिका शाळांतल्या मुलींसाठी दहा जागा.

समितीच्या पुढच्या बैठकीत आम्हाला वीस मिनिटं द्यावीत. एक स्टिक, एक गॉगल, एक बॉल आणि एक क्रिकेटचं हेल्मेट घेऊन येऊ. बॉल त्या हेल्मेटच्या जाळीजवळ धरून दाखवू. विक्रेत्याला द्यायचा मराठी मसुदाही सोबत आणू, म्हणजे 'लॅक्रॉस स्टिक २० नग' असं पुन्हा लिहावं लागणार नाही. दोर बसवायला लागणारे दिवस धरले तर खरेदीचा आदेश शिबिराच्या तीन आठवडे आधी निघायला हवा, म्हणून लेखी उत्तर येत्या आठवड्यात मिळावं ही विनंती. वेळ बदलली नाही तर आम्ही नोंदणी केलेल्या चाळीसही घरी फोन करून शिबिर होणार नसल्याचं कळवू आणि कारणही सांगू. वेळ बदलली तर पहिल्या दिवशी सकाळी साडेपाचला फक्की मारायला आम्ही हजर असू.

कळावे,

आपले विश्वासू,
मुलींच्या लॅक्रॉस शिबिराचे प्रशिक्षक आणि पालक, पुणे